टप्प्याटप्प्याने ४के: जुना एएम४ पीसी आहे, आधी काय बदलू?

घाटावरचा
रविवार, ११ जानेवारी २०२६, रात्री १०:२०

मंडळी नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो, आज स्वार्थासाठी धागा काढतोय.

सध्याचा संसार असा आहे: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड (एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटचा), १६ जीबी डीडीआर४ रॅम (८+८, ३२००ची), जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, कॅबिनेटबरोबरच आलेला ४५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि २२ इंची १०८०पी मॉनिटर. सगळं २०२० सालचं. अजून कुरकुर नाही. पण 'डूम: द डार्क एजेस' घ्यायला गेलो तर कळलं की कार्डात रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं तंत्र) हार्डवेअर नसेल तर तो गेम चालतच नाही. इंडियाना जोन्सच्या नव्या गेमचंही तेच. सेटिंग खाली आणून भागवायचे दिवस संपत आले म्हणायचे.

माझं खेळणं म्हणजे गोष्टीवाले, निवांत गेम. शनिवारी पोरं झोपली की दोन-तीन तास. ऑनलाइन नेमबाजी नाही, त्यामुळे २४० हर्ट्झ वगैरे नको. चित्र देखणं हवं. शेवटचा मुक्काम ४के (१०८०पीच्या चौपट पिक्सेल) असावा अशी इच्छा आहे.

पैसे आहेत, पण एकदम नाहीत. एका फटक्यात दीड लाख काढले तर घरात महाभारत होईल. दर चार-पाच महिन्यांनी वीस-पंचवीस हजार बाजूला निघतात, कार्डाच्या वेळी थोडं ताणता येईल. राहतो सांगलीत, मोठी खरेदी पुण्याहून किंवा ऑनलाइन.

दुकानदार म्हणतो, "साहेब, प्लॅटफॉर्मच जुना झालाय. आधी एएम५ वर या, मग पुढचं पुढे." हे बरोबर आहे का? क्रम काय लावू?

रात्रपाळी
रविवार, ११ जानेवारी, रात्री ११:०५

दुकानदाराला तुमच्यापेक्षा त्याच्या शेल्फवरच्या मालाची काळजी जास्त दिसते.

एएम५ म्हणजे नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम. त्यातली रॅम आज घेण्यासारखी वस्तूच राहिलेली नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केल्यापासून भाव कुठल्या कुठे गेलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुमच्याकडची १६ जीबी डीडीआर४ जपून ठेवा आणि एएम४ वरच राहा.

दुसरं म्हणजे तुम्हाला ४के हवंय, आणि नेमकं तिथे प्रोसेसरचं महत्त्व कमी होतं. एक फ्रेम तयार करताना प्रोसेसरला जे काम पडतं (कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, दार उघडं की बंद) ते १०८०पी असो की ४के, जवळपास तेवढंच असतं. वाढतं ते कार्डाचं काम. १०८०पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. १०८०पीच्या बरोबर चौपट. त्यामुळे रिझोल्यूशन वाढेल तसा ३६०० आणि नवीन प्रोसेसर यांच्यातला फरक कमी कमी होत जातो. तुम्हाला २४० हर्ट्झ नको, सेकंदाला ६० फ्रेम पुरतील, मग प्रश्नच मिटला.

खात्री करायची असेल तर एखादा जड गेम लावा, एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कार्डाचा वापर बघा. ९७-९९ टक्के दिसला तर अडतंय ते कार्ड. मग रिझोल्यूशन ७२०पी करा. फ्रेम भराभर वाढल्या तर प्रोसेसरकडे अजून दम आहे, जागच्या हलल्या नाहीत तर तिथे प्रोसेसर अडतोय.

माझा क्रम: कार्ड, मग मॉनिटर, मग वाटलंच तर प्रोसेसर.

टवाळ
रविवार, ११ जानेवारी, रात्री ११:३१

घाभाऊ, चुकीच्या ठिकाणी विचारताय. आधी घरच्यांचा बायोस अपडेट करा, मग कार्ड बसेल. "पोरांच्या प्रोजेक्टसाठी लागतंय" हे जुनं ड्रायव्हर अजून चालतं म्हणे. ह.घ्या. (हलकेच घ्या)

कुंदकळी
सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ८:१०

रात्रपाळींच्या प्रोसेसरबद्दलच्या मुद्द्याला +१. क्रमाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

घाटावरचा, आधी टेप घ्या आणि टेबलाची खोली मोजा. डोळे आणि पडदा यांत अंतर किती आहे ते सांगा. शेवटचा पडदा कोणता, हे ठरल्याशिवाय कार्ड कोणतं हे कसं ठरवणार?

इंचाला किती पिक्सेल येतात ते बघा. २४ इंची १०८०पी वर साधारण ९२. २७ इंची १४४०पी वर १०९. २७ इंची ४के वर १६३. आणि ३२ इंची १४४०पी वर परत ९२च! म्हणजे "मोठा आणि १४४०पी" या नादात ३२ इंची घेतलात तर बारकावा २४ इंची १०८०पी एवढाच, फक्त जवळून मोठा दिसेल. बरेच जण तिथेच फसतात आणि मग म्हणतात काही फरक जाणवत नाही.

मी म्हणेन, मॉनिटर आधी घ्या आणि सरळ ४केच घ्या. मुक्काम ४के असताना मधे १४४०पी मॉनिटर घेतला तर एकच वस्तू दोनदा घेतल्यासारखं होईल. जुन्या कार्डाचं काय, तर ४केवर १०८०पी अगदी दुपटीत बसतं, एका पिक्सेलच्या जागी चार. जीटीएक्स १६ मालिकेला एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये इंटिजर स्केलिंग आहे. ते चालू केलं की नवीन कार्ड येईपर्यंत १०८०पी धूसर न होता दिसेल. १४४०पी पडद्यावर १०८०पी ताणलं तर १.३३ पट होतं, म्हणून कडा फिसकटतात.

रात्रपाळी
सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ९:४५

कुंदाताई, गणित मान्य. पण १६६० सुपर घेऊन ४के मॉनिटरसमोर चार-पाच महिने बसायचं आणि त्यावर १०८०पी बघायचं, हा कसला आनंद? शिवाय त्यांचा मूळ त्रास हा आहे की नवे गेम सुरूच होत नाहीत. तो मॉनिटरने सुटत नाही. कार्ड आलं की २२ इंचीवरही डूम चालेल.

पेठेतला
सोमवार, १२ जानेवारी, दुपारी १:२०

तुम्ही दोघं मॉनिटर-कार्डवरून भांडताय, आणि कॅबिनेटबरोबर आलेला पॉवर सप्लाय कोणी बघतच नाहीये. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये पहिला संशयित तोच असतो.

दादा, कॅबिनेटचं डावं झाकण उघडा. सप्लायवर स्टिकर असेल, त्यावर तक्ता. मोठ्या अक्षरातले ४५० वाचू नका. +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जेवतात ते तिथून. ३० अँपिअर असतील तर १२ गुणिले ३०, म्हणजे ३६० वॅट खऱ्या कामाचे. बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज ४५० केलेली असते. चांगल्या कंपनीच्या ४५० मध्ये १२ व्होल्टवरच जवळपास सगळे वॅट मिळतात.

स्टिकरचा आकडा इथे टाका, मग बोलू. आणि ६+२ पिनची कार्डाची वायर आहे का तेही बघा.

घाटावरचा
सोमवार, १२ जानेवारी, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. मोजमापं घेतली.

टेबलाची खोली २४ इंच. मॉनिटर भिंतीला टेकवला तर डोळ्यापासून साधारण अडीच फूट.

सप्लाय: +१२ व्होल्ट, २५ अँपिअर. म्हणजे ३०० वॅट! कार्डाची वायर एकच, ६+२ पिनची.

आफ्टरबर्नर लावून बघितलं. १०८०पी वर कार्ड ९८-९९ टक्के. ७२०पी केल्यावर फ्रेम चांगल्याच वाढल्या. म्हणजे प्रोसेसर बिचारा वाट बघत बसलाय.

कार्डाबद्दल: आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी अशी दोन नावं सारखी पुढे येतात. दोन्हीत ८ आणि १६ जीबी असे प्रकार आहेत. ८ जीबीवाल्यात बरेच पैसे वाचतात. चालेल का?

कुंदकळी
सोमवार, १२ जानेवारी, रात्री १०:३०

८ जीबी नको. ४के म्हणताय ना? मग तो विषय इथेच बंद करा.

कारण नीट सांगते, कारण तुमच्या बोर्डावर हे जास्तच लागू पडतं. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेली टेक्स्चर्स पीसीच्या रॅममध्ये जातात आणि लागतील तशी पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या) रस्त्याने परत आणावी लागतात. ओट्यावर जागा संपली की डबे माळ्यावर जातात, आणि मग दर फोडणीला स्टूल घेऊन चढायचं, तसं. आता हा रस्ता किती रुंद, ते तुमच्या बोर्डावर ठरतं. बी४५० वर पीसीआयई ३.० आहे. ५०६० टीआय हे कार्ड फक्त ८ लेन वापरतं, म्हणून तुमच्याकडे त्याला सेकंदाला साधारण ८ जीबीचा रस्ता मिळेल. ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, म्हणजे जवळपास १६ जीबी. नव्या पीसीआयई ५.० बोर्डावर हा फरक जाणवतही नाही, कारण तिथे ८ लेनच पुरेशा रुंद असतात. जुन्या बोर्डावर ८ जीबी मेमरी आणि ८ लेन हे एकत्र आलं की गेम मधेच अडखळतो. सरासरी फ्रेमचा आकडा छान दिसतो, पण मान वळवली की झटका.

म्हणून तुमच्यासाठी ९०६० एक्सटी, १६ जीबी. ५०६० टीआयचं १६ जीबीवालंही वाईट नाही. मेमरी भरत नाही तोवर कमी लेनचा तोटा थोडाच होतो आणि डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र ताणून मोठं करायचं एनव्हिडियाचं तंत्र) जास्त गेममध्ये मिळतं. पण ते महाग पडतं. मूळ किमतीतच ३४९ विरुद्ध ४२९ डॉलरचा फरक होता, आपल्याकडेही तो दिसतोच.

रात्रपाळी
सोमवार, १२ जानेवारी, रात्री १०:५२

कार्डाबद्दल पूर्ण सहमत. फक्त अपेक्षा जमिनीवर ठेवा. ९०६० एक्सटीवर नव्या जड गेमला अस्सल ४के, सगळं अल्ट्रा, असं होणार नाही. त्यात एफएसआर ४ (एएमडीचं तसंच तंत्र) आहे, ते वापरायचं. ४के परफॉर्मन्स मोडला गेम आतून १०८०पी रंगवतो, क्वालिटीला १४४०पी, आणि मग ताणून ४के करतो. आधीची एफएसआर आवृत्ती बघून नाक मुरडलं असेल तर ही परत बघा, बरीच सुधारली आहे.

कोणी इंटेलचं बी५८० सुचवलं तर ३६०० वर ते घेऊ नका. जुन्या प्रोसेसरबरोबर ते कार्ड मागे पडतं.

सातासमुद्रा
मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ६:१५

न्यू जर्सीहून लिहितोय. मार्चमध्ये पुण्यात येणार आहे, इथे कार्ड जरा स्वस्त मिळतं. आणू का?

पेठेतला
मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ११:००

साहेब, मन मोठं आहे तुमचं, पण बहुतेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात घेतलं तिथलीच चालते. कार्ड गेलं तर हे परत अमेरिकेला पाठवणार? इथलं बिल आणि इथला सिरियल नंबर असलेलंच घ्यावं.

आता सप्लाय. घाटावरचा दादा, २५ अँपिअर म्हणजे तुमचा सप्लाय आत्ताच काठावर आहे. १६६० सुपर १२५ वॅट, प्रोसेसर ६५चा म्हणतात पण थोडं वर खातोच. ९०६० एक्सटी १६०-१८० च्या घरात जाईल. कंपनी ४५० वॅटचा सप्लाय पुरे म्हणते, पण ती चांगल्या ४५०बद्दल बोलते, तुमच्या पेटीबद्दल नाही. पहिला खर्च हाच करा. ६५० वॅट, ब्राँझ किंवा गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग), पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी असलेला. ७५० परवडला तर उद्या याहून मोठं कार्ड घेतलंत तरी सप्लाय तोच राहील.

एक गोष्ट कानाला खडा लावून ठेवा: मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) सप्लाय घेतलात तर त्याच्याच वायरी वापरायच्या. जुन्याच्या वायरी बसतात म्हणून लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. एसएसडी आणि हार्ड डिस्क जळून आलेल्या पाहिल्या आहेत, डेटासकट.

आणि कार्ड मागवण्याआधी कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंत अंतर मोजा. तीन पंख्यांची मॉडेलं ३० सेंटीमीटरच्या आसपास जातात. दोन पंख्यांचं पुरेसं आहे.

अण्णा नागपूरकर
मंगळवार, १३ जानेवारी, दुपारी ४:४०

एक राहूनच गेलं. यूपीएस कोणता आहे बाबा? ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटचा. नवीन कार्डावर गेम चालू असताना लाईट गेली, त्याच यूपीएसवर मॉनिटर आणि राउटरही असले, तर तो चीं करून बसेल. म्हणजे यूपीएस असून नसल्यासारखा. १००० व्हीएच्या पुढचा बघ.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असतं, खोलीत कूलर, आणि कूलरबरोबर धूळ आणि दमट हवा. मी पुढच्या जाळीला फिल्टर लावतो आणि दर उन्हाळ्याच्या तोंडावर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलतो. सहा वर्षांच्या प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडू झाली असेल. शंभर-दोनशे रुपयांची ट्यूब. सगळ्यांत स्वस्त अपग्रेड हेच.

रच्याकने (बाय द वे), रॅम खरंच ३२०० वर चालतेय ना? बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलेलं नसेल तर २१३३ किंवा २६६६ वर रांगत असेल. टास्क मॅनेजरमध्ये दिसेल.

घाटावरचा
मंगळवार, १३ जानेवारी, रात्री १०:१५

अण्णा, दंडवत! रॅम २६६६ वर होती. आता ३२०० दाखवतेय, फुकटात. यूपीएस ६००चाच आहे.

मग पहिला टप्पा ठरला: ६५० वॅटचा सप्लाय, यूपीएस, पेस्ट. पंधरा हजारांच्या आत बसेल असं दिसतंय. मॉनिटर आधी की कार्ड आधी, तिथे मात्र अजून अडकलोय.

कुंदकळी
मंगळवार, १३ जानेवारी, रात्री १०:४०

हॉलमधला टीव्ही ४के आहे का?

घाटावरचा
मंगळवार, १३ जानेवारी, रात्री १०:४४

आहे की. ४३ इंची. पण त्यावर रात्री दहापर्यंत मालिकांचं राज्य.

कुंदकळी
मंगळवार, १३ जानेवारी, रात्री १०:५८

आणि तुम्ही खेळता पोरं झोपल्यावर. मग झालं की! रात्रपाळी, तुम्ही जिंकलात, कार्ड आधी. :)

४के पडदा घरात आहेच. १६६० सुपरच्या एचडीएमआय २.० मधून ४के ६० हर्ट्झ जातं, त्यामुळे येत्या शनिवारी जुन्याच कार्डावर करून बघा. एखादा जुना, हलका गेम ४केला लावा आणि नेहमी बसता तिथूनच बघा. इतक्या अंतरावरून फरक दिसला नाही तर ४केचा हट्ट सोडून १४४०पी घ्यायला तुम्ही मोकळे, बरेच पैसे वाचतील. दिसला तर मॉनिटरची घाई नाही.

टीव्हीवर दोन गोष्टी करायच्याच. गेम मोड चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र घासूनपुसून दाखवतो आणि बटण दाबल्यावर माणूस उशिरा उडी मारतो. आणि त्या एचडीएमआय पोर्टची सेटिंग उघडून पूर्ण बँडविड्थचा पर्याय चालू करा (यूएचडी कलर, डीप कलर अशी नावं असतात). तो बंद असेल तर रंगांची माहिती अर्धवट पोचते आणि अक्षरांच्या कडा लाल-निळ्या दिसतात.

टवाळ
मंगळवार, १३ जानेवारी, रात्री ११:२०

म्हणजे चाळीस हजारांचं कार्ड घ्यायचं आणि सासू-सुनेची भांडणं संपायची वाट बघत बसायचं. लगे रहो घाभाऊ. वाखूसा (वाचनखूण साठवली).

घाटावरचा
रविवार, १८ जानेवारी, सकाळी १०:३०

काल रात्री प्रयोग केला. पीसी टेबलावरच ठेवून एचडीएमआयची वायर दाराखालून हॉलमध्ये नेली. 'रेड डेड रिडेम्प्शन २' मुद्दाम ४केला लावला. फ्रेम विशीत, खेळण्यासारखं अजिबात नव्हतं, पण घोडा डोंगरावर उभा करून नुसता फिरवून बघितला. लांबच्या झाडांची पानं सुटी दिसतात! १०८०पी ला तिथे हिरवा डाग असायचा. सोफ्यावरून, साधारण सहा फुटांवरून, फरक स्पष्ट आहे. बायकोलाही दिसला, ही सगळ्यांत मोठी प्रगती.

तेव्हा आता असं: या महिन्यात सप्लाय आणि यूपीएस. मे-जूनमध्ये ९०६० एक्सटी १६ जीबी. २७ इंची ४के मॉनिटर दिवाळीला बघू. प्रोसेसरचं नावही काढत नाही.

कार्डासाठी जूनपर्यंत थांबू, की ओढाताण करून आत्ताच घेऊ?

रात्रपाळी
रविवार, १८ जानेवारी, सकाळी ११:१५

कार्डावरही मेमरीच बसवलेली असते, तीही १६ जीबी. रॅम महागली की कार्डाला झळ लागतेच. "थांबलो की स्वस्त होईल" हा जुना नियम यंदा धरू नका. सप्लाय आल्यावर एखाद्या सेलमध्ये बरा भाव दिसला तर उचला, मॉनिटर पुढे ढकला.

प्रोसेसर पुढे बदलावासा वाटला तर एक लक्षात ठेवा. गेमसाठी एएम४ वरचे सगळ्यांत सरस ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी आता नवे मिळणं अवघड झालंय. कोणाकडे बिलासकट जुना मिळाला तर घ्या, नाहीतर साधा ५७००एक्स पुरे. आणि बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचा. नवा बसवून मग करायला गेलात तर स्क्रीन काळीच राहील.

घाटावरचा
रविवार, १८ जानेवारी, दुपारी १२:०५

धन्यवाद, नोंद घेतली. एक बारीक शंका राहिली: काल टीव्हीवर मधूनमधून सेकंदभर सगळं काळं व्हायचं आणि परत यायचं. कार्ड आत्ताच राम म्हणतंय की काय?

पेठेतला
रविवार, १८ जानेवारी, दुपारी १:३०

वायर किती लांब?

घाटावरचा
रविवार, १८ जानेवारी, दुपारी १:४२

दहा मीटर. जुन्या सेट टॉप बॉक्सची पडून होती.

पेठेतला
रविवार, १८ जानेवारी, दुपारी १:५०

मग कार्ड बरं आहे तुमचं. १०८०पी ला ती वायर चालून जाते, ४के ६० हर्ट्झला तांब्याच्या साध्या वायरीत एवढ्या अंतरावर सिग्नल टिकत नाही. तीन मीटरमध्ये भागत असेल तर 'प्रीमियम हाय स्पीड' छाप असलेली घ्या. दाराखालूनच न्यायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय मिळते, महाग असते पण दहा मीटरला आरामात चालते. तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक पीसीकडे. आणि दाराखाली चेंगरू नका, आत काच आहे.